प्रस्तावना : दाणा दिसत नाही, हवा दिसते

थंडी पडली की ग्वाल्हेरच्या बाजारात गजकचे ढीग लागतात, हातगाड्यांवर गरम वाळूत शेंगा भाजल्या जातात आणि शिवपुरीकडचा नवा भुईमूग घराघरांत पोहोचतो. याच महिन्यांत सर्दी, खोकला आणि निमोनियाची लहान मुलं दवाखान्यांत दाटीनं येतात. या गर्दीत थोडी मुलं अशी असतात की त्यांना संसर्ग झालेला नसतो. त्यांच्या श्वासनलिकेत शेंगदाण्याची डाळिंबी, चणा किंवा सुपारीचा तुकडा अडकलेला असतो. बाहेरून ही मुलं इतरांसारखीच दिसतात. तसाच खोकला, तशीच घरघर, कधी तसाच ताप. हे पुस्तक त्या मुलांविषयी आहे. त्यांच्या छातीचं चित्र कोणतं काढावं, ते कसं वाचावं आणि त्यावर किती विसंबावं, हा त्याचा विषय.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये लष्कर हा ग्वाल्हेरचा भाग वसवला, तेव्हापासून मराठी घरं या गावात नांदत आहेत. पुढं शिंदे दरबाराच्या काळात, १८९९ मध्ये, जयारोग्य रुग्णालय उभं राहिलं. १९४६ मध्ये गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आणि स्त्रिया व मुलांसाठीचं कमलाराजा रुग्णालयही याच परिवारात आहे. मुरैना, भिंड, दतिया, शिवपुरी, श्योपूर एवढ्या टापूतून आजारी मूल शेवटी ग्वाल्हेरला आणलं जातं. काही गावांहून हा प्रवास शंभर किलोमीटरहून जास्त असतो. श्वासात दाणा गेलेल्या मुलाच्या बाबतीत त्या प्रवासाआधी काय घडलं, याला फार महत्त्व आहे. गावातल्या डॉक्टरनं काय विचारलं, एक्स-रे कुठं निघाला, त्यावर कोणी काय शेरा मारला, यावर पुढचे दिवस ठरतात. म्हणून या पुस्तकाचा वाचक मोठ्या शहरातला रेडिओलॉजिस्ट तर आहेच, पण तहसिलीच्या गावी एकट्यानं दवाखाना चालवणारा डॉक्टर आणि घरात नातवंडं सांभाळणारी आजीही आहे.

एक ते तीन या वयात हा अपघात सर्वाधिक होतो. त्यामागं शरीररचना आहे आणि स्वभावही आहे. समोरचे दात आलेले असतात, त्यामुळं मूल दाण्याचा तुकडा पाडू शकतं. पण तो बारीक दळायला लागणाऱ्या दाढा अजून पुऱ्या आलेल्या नसतात. पहिल्या दाढा साधारण सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास दिसतात, दुसऱ्या दोन-अडीच वर्षांच्या आसपास. गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ अजून पक्का नसतो. त्यात हे वय पळत-पळत खाण्याचं, हसता-रडता घास तोंडात धरण्याचं आणि सापडेल ती वस्तू जिभेवर ठेवून पाहण्याचं. या मुलांची मुख्य श्वासनलिका मिलिमीटरांत मोजावी एवढी अरुंद असते आणि अर्धा शेंगदाणा तिच्या फांदीत नेमका जाऊन बसतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तिच्यातून हवा ओढायला होणारा विरोध सोळा पटींपर्यंत वाढू शकतो, असं भौतिकशास्त्र सांगतं. मोठ्या माणसाला जे नुसतं खवखवेल, ते दीड वर्षाच्या मुलाला दमवून टाकतं.

कोणत्या वस्तू जातात, हे त्या-त्या प्रदेशाच्या खाण्यापिण्यावर ठरतं. आपल्याकडं शेंगदाणा पहिला. मग चणे-फुटाणे, सुपारी, चिंचोका, सीताफळाची आणि कलिंगडाची बी, मक्याचा दाणा. खाण्याबाहेरच्या वस्तूंत पेनाचं टोपण, प्लॅस्टिकची शिट्टी, सेफ्टी पिन, आणि अलीकडं स्वस्त खेळण्यांतून निसटलेला एलईडीचा बारीक दिवा. शेंगदाणा दुहेरी त्रास देतो. तो वाट अडवतोच, शिवाय त्यातलं तेल श्वासनलिकेच्या अस्तराला जाळतं, सूज येते आणि दाण्याभोवती मांसल अंकुर धरतात. चणा किंवा चिंचोका ओलाव्यानं फुगतो. पहिल्या दिवशी दाण्याच्या कडेनं जाणारी हवा तिसऱ्या दिवशी बंद होते ती त्यामुळं.

या आजाराची गोष्ट तीन टप्प्यांत घडते. पहिला टप्पा घरात, बहुधा काही मिनिटांचा. खाता-खाता मुलाला जोराचा ठसका लागतो, चेहरा लाल किंवा निळसर होतो, श्वास कोंडतो. आपण पाठीवर थोपटतो, ‘वर बघ, वर बघ’ म्हणतो, पाणी पाजतो. खोकला थांबतो आणि घर पुन्हा आपापल्या कामाला लागतं. दुसरा टप्पा शांततेचा. दाणा खाली एखाद्या फांदीत स्थिरावलेला असतो, तिथले खोकल्याचे संवेदक थकलेले असतात आणि मूल खेळत असतं. हा टप्पा काही तासांचा असू शकतो, काही आठवड्यांचाही. तिसऱ्या टप्प्यात ताप, कफ, एका बाजूची घरघर, पुन्हा पुन्हा तिथंच होणारा निमोनिया. मूल डॉक्टरकडं येतं ते बहुधा या तिसऱ्या टप्प्यात, आणि तोवर पहिल्या टप्प्यातला ठसका घरच्यांच्या लेखी संपलेली गोष्ट झालेला असतो. मग बाळदमा म्हणून नेब्युलायझर चालतो, निमोनिया म्हणून प्रतिजैविकांची एकामागून एक मात्रा, आणि आपल्या देशात कधी क्षयाची औषधंही सुरू होतात. या उपचारांनी थोडं बरं वाटतं, त्यामुळं चुकीच्या निदानाला आणखी मुदत मिळते.

छातीच्या आत पाहण्याची विद्या आणि ग्वाल्हेरचं जयारोग्य रुग्णालय ही जवळपास एका वयाची. विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले ते ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथं गुस्ताव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत नळी घालून अडकलेलं हाड बाहेर काढलं. ब्रॉन्कोस्कोपीची सुरुवात तिथून मानली जाते. पुढं अमेरिकेत फिलाडेल्फियात शेव्हालिए जॅक्सन यांनी या कामाला शास्त्राचं रूप दिलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या श्वासमार्गातून आणि अन्नमार्गातून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात खणाखणांत मांडून ठेवलेल्या आहेत. पिना, बटणं, नाणी, बिया, खेळणी. जॅक्सन यांनी फक्त वस्तू काढल्या नाहीत. अडकलेली वस्तू हवेचा रस्ता कोणकोणत्या रीतीनं बिघडवते, हेही मांडलं. आजचा एक्स-रे वाचताना आपण त्यांनी घालून दिलेल्या त्याच विचारानं चालतो.

इथं या पुस्तकाचा गाभा येतो. एक्स-रेत धातू दिसतो, हाड दिसतं, काच बऱ्याचदा दिसते. शेंगदाणा दिसत नाही. चणा, सुपारी, बी, प्लॅस्टिक हेही किरणांना जवळपास पारदर्शक असतात. मुलांच्या श्वासात जाणाऱ्या वस्तूंपैकी एक्स-रेवर थेट दिसणारी दहांतली एखादीच. म्हणून फिल्मवर दाणा शोधत बसणारा डॉक्टर हात हलवत परत येतो. शोधायची असते ती हवा. ती कुठं कोंडली, कुठं पोहोचलीच नाही, आणि श्वास सोडताना छातीच्या दोन बाजू सारख्या रिकाम्या होतात की नाही.

श्वास आत घेताना नळ्या किंचित रुंदावतात, सोडताना आकसतात. अर्धवट अडकलेल्या दाण्याच्या कडेनं हवा आत जाते, पण बाहेर पडताना नळी दाण्यावर आवळते आणि हवा मागं राहते. सायकलच्या ट्यूबमधला व्हॉल्व्ह असंच काम करतो. त्या बाजूचं फुप्फुस फुगत जातं, फिल्मवर जास्त काळं दिसतं, त्याखालचा पडदा चपटा होतो आणि हृदय निरोगी बाजूकडं ढकललं जातं. नळी पुरती बंद झाली तर उलट घडतं. आतली हवा शोषली जाते, फुप्फुसाचा तो भाग आकसतो, पांढरा दिसतो आणि हृदय त्याच बाजूला ओढलं जातं. एकाच अपघाताची ही दोन विरुद्ध चित्रं आहेत. दाणा फुगला की आठवड्याच्या आत पहिल्याचं दुसरं होऊ शकतं.

यातली पहिली खूण श्वास पूर्ण आत असताना काढलेल्या फिल्मवर दिसेलच असं नाही, कारण त्या क्षणी दोन्ही फुप्फुसं भरलेलीच असतात. फरक उघडा पडतो तो श्वास सोडल्यावर. शहाण्या मुलाला ‘श्वास सोड आणि थांब’ सांगता येतं. दीड वर्षाच्या मुलाला नाही. म्हणून तंत्रज्ञ मुलाच्या रडण्यातला श्वास सोडण्याचा क्षण टिपतात, किंवा मुलाला एकदा डाव्या आणि एकदा उजव्या कुशीवर निजवून फिल्म घेतात. निरोगी फुप्फुस खाली आलं की अंगाच्या भारानं दबतं. ज्याची हवा अडकली आहे ते खाली येऊनही फुगलेलंच राहतं. फ्लुरोस्कोपीत हेच हलतं दिसतं, श्वासागणिक हृदय एका बाजूला झुकताना. ही हालचाल व्हिएन्नाचे गीडो होल्झक्नेख्ट यांनी क्ष-किरणांच्या पहिल्याच पिढीत वर्णन केली आणि त्यांचं नाव तिला लाभलं.

हृदय सरकलेलं दिसलं तरी ते पोझिशन तिरकी झाल्यानंही सरकल्यासारखं दिसतं. रडून वळलेल्या मुलाची फिल्म फसवते. म्हणून पुस्तकातलं एक प्रकरण फक्त चांगली फिल्म कशी काढावी यावर आहे: खांदे सरळ, मुलाला धरणारा माणूस शिसाच्या एप्रनमध्ये, घसा ते पोट एका चौकटीत. नाण्याच्या गोष्टीनं चांगल्या फिल्मचं मोल लक्षात राहतं. अन्ननलिकेत अडकलेलं नाणं समोरून घेतलेल्या फिल्मवर पूर्ण गोल दिसतं आणि श्वासनलिकेतलं बहुधा कडेनं, रेघेसारखं. गोल दिसणाऱ्या वस्तूच्या कडेला आत दुसरं वर्तुळ दिसलं तर ते नाणं नसून बटण-बॅटरी आहे असं समजून त्याच तासाला हालचाल करायची, कारण अन्ननलिकेत ती दोन तासांत भाजू लागते. एकाच फिल्मवर जीव वाचवणारा आणि गमावणारा फरक एवढा बारीक असतो.

आणि आता या विषयातलं सर्वांत अवघड वाक्य. श्वासात वस्तू गेलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांचा पहिला एक्स-रे सर्वसाधारण असतो. अभ्यासागणिक हा आकडा वर-खाली होतो, पण कोणत्याच अभ्यासात तो शून्याजवळ जात नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ हा शेरा निमोनिया नाही असं सांगायला बरा. दाणा नाही असं सांगायला तो पुरेसा नाही. ठसका पाहिलेल्या आईचा शब्द आणि नॉर्मल फिल्म समोरासमोर आल्या, तर या पुस्तकाचे लेखक आईच्या बाजूला उभे राहतात. त्यामागं भावना कमी, हिशोब जास्त आहे. पाहिलेला ठसका हा या निदानातला सर्वांत बळकट पुरावा ठरला आहे. छाती तपासताना ऐकू येणारी घरघर किंवा एका बाजूला कमी येणारा श्वास या खुणाही अनेक मुलांत नसतात.

पूर्वी अशा कोंडीत एकच मार्ग उरत असे: मुलाला भूल देऊन दुर्बीण घालून पाहायचं. काहींच्या नळ्या रिकाम्या निघत. ती दुर्बीण फुकट गेली असं म्हणणं चूक. दाणा आत राहू देण्यापेक्षा रिकामी नळी पाहिलेली परवडली. तरी भूल म्हणजे भूल, आणि तीही अशी की भूलतज्ज्ञ व कान-नाक-घशाचा सर्जन एकाच चिंचोळ्या वाटेवर काम करतात. गेल्या काही दशकांत सीटी स्कॅननं इथं मोठा फरक पाडला आहे. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचं स्कॅन झालं, तेव्हा एका चित्राला काही मिनिटं लागत. आजचं यंत्र संपूर्ण छाती काही सेकंदांत पातळ-पातळ कापांत टिपतं. मूल हललं नाही तर बऱ्याचदा भूलही लागत नाही. त्या कापांतून संगणक श्वासनलिकेचं झाड उभं करतो आणि आतून फिरल्यासारखं दृश्य दाखवतो. एक्स-रेला न दिसणारा शेंगदाणाही इथं नळीतल्या काळ्या हवेत उठून दिसणारा डाग होतो. सीटी स्वच्छ असेल तर बहुतेक मुलं दुर्बिणीतून वाचतात, आणि डाग दिसला तर सर्जनला कोणत्या फांदीत जायचं ते आधीच कळतं. दाणा उजवीकडंच असेल असा समज मोठ्यांच्या रचनेवरून आला आहे. लहान मुलांत डावीकडंही दाणा सहज जातो.

सीटीच्या दोन मर्यादा पुस्तक झाकत नाही. कफाचा घट्ट गोळाही दाण्यासारखाच दिसतो. आणि किरणांचा डोस. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्टच्या आसपास. मुलाच्या छातीच्या सीटीचा डोस त्याहून अनेक पटींनी जास्त, काळजीपूर्वक कमी केला तरी एक मिलिसिव्हर्टच्या आगेमागे. तुलनेसाठी, जगातल्या माणसाला निसर्गातून मिळणारी किरणांची सरासरी मात्रा वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट आहे. हा डोस घाबरावा एवढा नाही, पण वाढत्या शरीराला उगाच द्यावा एवढा क्षुल्लकही नाही. ज्यांच्या नावानं हृदय सरकण्याची खूण ओळखली जाते ते होल्झक्नेख्ट किरणांनी झालेल्या आजारानं १९३१ मध्ये गेले. अशा मृत्यूंतून हा व्यवसाय किरणांचा हिशोब ठेवायला शिकला. आपल्याकडं १९८३ मध्ये स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ क्ष-किरण आणि सीटी यंत्रांवर देखरेख ठेवतं. मुलासाठी स्कॅन करायचं तर मुलाच्या वजनाला साजेसा कमी डोस, फक्त छातीपुरतं, एकदाच. मोठ्या माणसाच्या सेटिंगवर मुलाचं स्कॅन ही चूक सहज टाळता येते.

मग सीटी कधी? पुस्तकाचं उत्तर असं. मूल निळं पडतंय, श्वास लागलाय, किंवा ठसका स्पष्ट पाहिला आहे आणि फिल्मही बोलते आहे, तर सीटीत वेळ न घालवता थेट दुर्बिणीकडं. ठसक्याची गोष्ट अर्धवट आहे, फिल्म स्वच्छ आहे, खोकला मात्र हटत नाही, तर सीटी. ज्या मुलाला एकाच जागी दुसऱ्यांदा निमोनिया झाला, त्यालाही. एमआरआयवर शेंगदाण्यातली चरबी उठून दिसते, पण मुलाला इतका वेळ निश्चल ठेवणं कठीण असल्यानं तो मार्ग रोजच्या वापराचा नाही.

दाणा निघतो तो मात्र हातानं. ताठ ब्रॉन्कोस्कोप म्हणजे बाजूला भोकं असलेली धातूची नळी. तिच्यातून मुलाला प्राणवायू मिळत राहतो आणि त्याच वाटेनं चिमटा आत जातो. इंग्लंडच्या हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या दांड्यांचा वापर करून घडवलेल्या भिंगव्यवस्थेमुळं त्या बारीक नळीतून उजळ, मोठं दृश्य दिसू लागलं. दाण्याचे दोन तुकडे झाले तर दोन्ही काढायचे, म्हणून बाहेर आलेला तुकडा नीट जुळवून पाहतात. दाणा उशिरा सापडला तर भोवतीचे मांसल अंकुर रक्त आणतात आणि कधी फुप्फुसाचा तो भाग कायमचा खराब झालेला असतो. निदानातला एकेक दिवस महाग पडतो, असं आम्ही जे म्हणतो त्याचा अर्थ हा.

घरासाठी पुस्तकात दोन पानं आहेत आणि ती आधी वाचावीत. मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावं. तोच उत्तम उपाय. खोकला निघत नाही, आवाज फुटत नाही, तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीच्या मध्यावर पाच थापा आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब. वर्षावरच्या मुलाला पाठीवर थापा आणि पोटावर दाब. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, ती आणखी आत जाते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुपारी चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती देऊ नयेत. दाण्याचा कूट चालतो. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून मानक चिन्ह सक्तीचं आहे. ते बघून घ्यावं.

डॉक्टरांसाठी सर्वांत उपयोगी पान मात्र चिठ्ठीचं आहे. ग्वाल्हेरला मूल पाठवताना तिच्यावर चार गोष्टी लिहाव्यात: ठसका लागला होता का, कधी, खाताना काय तोंडात होतं, आणि कोणी पाहिलं. आई-वडील शेतात असतील तर मोठ्या बहिणीला विचारावं, शेजारणीला विचारावं. ‘खोकला किती दिवस’ एवढ्यावर थांबू नये. सोबत मूळ फिल्म द्यावी, तिचा शेराच नव्हे. या ओळी कागदावर असतील तर पुढचा रेडिओलॉजिस्ट श्वास सोडल्यावरची फिल्म मागेल, सीटी योग्य डोसनं करेल आणि सर्जन त्याच रात्री थिएटर उघडेल. नसतील तर तेच यंत्र निमोनिया शोधेल आणि त्याला निमोनियाच सापडेल.